डावीकडे झुकलेलं दशक

गेल्या दहा वर्षांतले दहा सर्वोत्तम अल्बम निवडणं म्हणजे काही खायचं काम नव्हे, असं कानसेनांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको मटार सोलत होती.

"मग नका निवडू," ती म्हणाली.

कानसेन गारच पडले. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला आपल्या नवऱ्याचं कॉलनीतलं स्थान काय आहे, याची एवढीही कल्पना असू नये? त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, चार मटार तोंडात टाकले आणि विषय सोडून दिला. समजावून सांगायचं तरी कुणाला आणि किती!

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते कॉलनीने ठेवलेलं होतं, आणि सुरुवातीला थट्टेनं ठेवलेलं होतं. पण थट्टेचा भाग ते सोयीस्करपणे विसरले होते. दिवसा ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजूची दोन्ही पारडी बरोबर एका रेषेत येतात की नाही हे बघायचं, नाही आली तर नोटीस द्यायची, आणि आली तरी दुकानदाराकडे जरा संशयानं बघायचं, असं त्यांचं काम. खरा माणूस मात्र रविवारी सकाळी जागा व्हायचा, कारण रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये श्रवण मंडळ भरायचं.

या मंडळाची एक रीत होती. सगळ्यांनी डोळे मिटून अख्खा अल्बम ऐकायचा. संपला, की मुख्य श्रोता बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मुख्य श्रोत्यानं मान डोलावली की अल्बम आवडला, नाही डोलावली की नाही आवडला. मग चहा. ही पद्धत फार सोयीची होती. त्यामुळे मंडळात कधी भांडण झालं नव्हतं, आणि दोन-तीन सभासद डोळे मिटल्यावर सरळ झोपायचे तेही कधी उघडकीला आलं नव्हतं. मुख्य श्रोत्याला हातांची खुर्ची असे, बाकीच्यांना घडीच्या.

तर जुने मुख्य श्रोते मुलीकडे राहायला गेले आणि ती हातांची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर डोळा असलेले दोघं होते: एक कानसेन आणि दुसरे दातांचे डॉक्टर. मंडळाच्या घटनेप्रमाणे प्रत्येक उमेदवारानं सरत्या दशकातले आपले आवडते दहा अल्बम सादर करायचे, त्यांच्यावर छापील टिपण वाटायचं, मग हात वर करून निवड. जो निवडून येईल तो खुर्चीत. दातांच्या डॉक्टरांचं सादरीकरण आदल्या महिन्यात उरकलं होतं. त्यांचे दहाही अल्बम असे होते, की ऐकता ऐकता दाढ काढली तरी कळू नये. सभा संपल्यावर लोकांनी नकळत गालाला हात लावून पाहिला होता. थोडक्यात, मैदान मोकळं होतं. कानसेनांनी फक्त दहा अल्बम निवडायचे होते, आणि खुर्ची त्यांचीच होती.

त्यांनी दिवाणखान्यात आपले दोन मोठे स्पीकर पुसून घेतले, समोर बरोबर मध्यभागी खुर्ची मांडली, ती मध्यभागीच आहे हे टेपनं मोजून घेतलं (धंद्याची सवय), आणि दशक ऐकायला बसले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ते ताडकन उभे राहिले. सगळा आवाज डावीकडून येत होता. त्यांनी दुसरा अल्बम लावला. डावीकडून. तिसरा. डावीकडूनच. गाणारी बाई डावीकडे, व्हायोलिन डावीकडे, ढोल वाजवणाराही तिकडेच कुठेतरी कोंबलेला. उजवीकडे शुकशुकाट! दुसऱ्या एखाद्याला असा धक्का बसला असता तर तो घाबरला असता. पण कानसेन अभ्यासू होते. त्यांनी त्यातून सिद्धांत काढला. या दशकातल्या ध्वनिमुद्रकांनी संगीत जाणूनबुजून डावीकडे झुकवलेलं आहे, कारण माणसाचं काळीज डावीकडे असतं. हे आजवर कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.

एकदा सिद्धांत सापडल्यावर दहा अल्बम निवडायला कितीसा वेळ! पहिल्या क्रमांकावर त्यांनी 'मधली जागा' ठेवला. भारदस्त आवाजाची एक गायिका, एक ओळ म्हणायची आणि मग कितीतरी वेळ गप्प बसायची. दुसरी ओळ, पुन्हा गप्प. कानसेनांना हा अल्बम आला तेव्हापासूनच प्राणापलीकडे आवडायचा. त्यांनी टिपणात लिहिलं: 'दोन ओळींमधल्या अथांग शांततेत ही गायिका जे सांगते, ते इतरांना शंभर वाद्यं घेऊनही सांगता यायचं नाही. या मौनाला दाद द्यायला कान नुसते असून भागत नाही, ते तयार असावे लागतात.' हे शेवटचं वाक्य दातांच्या डॉक्टरांना उद्देशून होतं.

टिपण वाचून मंडळाचे सेक्रेटरी हेलावले. "डावीकडे झुकलेलं दशक! काय पकडलंय हो तुम्ही! मी इतकी वर्षं ऐकतोय, पण माझ्या नाही लक्षात आलं."

"येत नाही," कानसेन नम्रपणे म्हणाले. "सगळ्यांच्याच येत नाही."

सेक्रेटरींनी त्याच दिवशी कागद छापखान्यात नेऊन दिले.

घरी आल्यावर कानसेनांनी बायकोला समोर बसवून सिद्धांत समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि जुने अल्बम? त्यांत आवाज कुठून येतो?"

"दोन्हीकडून. तेव्हाचे लोक प्रामाणिक होते."

"लावून बघितलात?"

"त्यात काय बघायचं? मला पाठ आहेत ते."

"बघा तर लावून."

केवळ बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून कानसेनांनी आपल्या लग्नाआधीचा एक अल्बम लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. तोही डावीकडून येत होता! तरुणपणी ज्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या क्लॅरिनेटवर त्यांनी जीव ओवाळून टाकला होता, त्याचा उजवा कोपरा कुणीतरी झाडून नेल्यासारखा रिकामा होता. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. सिद्धांत छापखान्यात होता, आणि पुरावा इथे समोर उलटा बोलत होता.

"स्पीकर गेलाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. बुडत्या माणसाला तेवढाच आधार.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं दोन्ही स्पीकर पालथे घातले, आतलं सगळं जमिनीवर मांडलं, पुन्हा भरलं आणि हातात उरलेले तीन स्क्रू खिशात टाकले. "हे कंपनी उगाच जास्तीचे देते," तो म्हणाला. मग त्यानं वायरी बदलून टाकल्या. उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. गाणं लावलं. कानसेनांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"डावीकडूनच येतंय!"

"दोन्हीकडून येतंय की, साहेब."

"इतकी वर्षं संगीत ऐकतोय मी. मला शिकवू नका."

मेकॅनिकनं खांदे उडवले. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे त्याचं तत्त्व होतं. त्यानं चकचकीत टोकांच्या जाड वायरी विकल्या आणि तो गेला. आवाज डावीकडूनच येत राहिला.

ही बातमी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरना कशी कळली कोण जाणे. ते मंडळाचे सभासद होते आणि निवृत्तीनंतर सल्ला देण्याखेरीज त्यांना दुसरं काही व्यसन नव्हतं. आत आले, भिंतीवर टकटक केलं, छताकडे बघितलं आणि चुकचुकले.

"दोष यंत्रात नाही, खोलीत आहे. तुमची खोली डावीकडे उतरलीय. आवाज पाण्यासारखा असतो, उताराकडे जाणारच."

हे ऐकून कानसेनांना धक्काही बसला आणि बरंही वाटलं. खोलीचा दोष म्हणजे निदान आपला तरी नाही. पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या नोकरीनं त्यांना शिकवलं होतं. कार्यालयात उत्तम पाणसळ होती. जमीन सपाट आहे की नाही ते तिच्यातला बुडबुडा चोख सांगायचा. त्यांनी साहेबांकडे ती दोन दिवसांसाठी मागितली.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"दिवाणखान्याचा उतार बघायचाय."

"कशासाठी?"

"संगीतासाठी."

साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. कार्यालयाची मोजमापाची साधनं बाहेर न्यायची तर तपासणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, असा नियम त्यांनी दाखवला. तपासणी अधिकारी कोण, तर खुद्द कानसेन! त्यांनी स्वतःला अर्ज लिहिला, स्वतःच तो आवक टेबलावर ठेवला, आणि स्वतःचाच आहे म्हणून लगेच मंजूर केला तर लोक नावं ठेवतील, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत प्रलंबित ठेवला. आपण इतके कडक आहोत याचा त्यांना पहिल्यांदाच त्रास झाला.

पाणसळ आली. बुडबुडा खरोखरच केसभर सरकला. इंजिनिअरांनी टाळी वाजवली. मग काय विचारता! डाव्या स्पीकरखाली विटा घातल्या. मग गाद्या घातल्या. मग डाव्या भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवायचे ठरले. त्यांत जादा आवाज जिरतो म्हणे. ट्रे हवेत तर अंडी घ्यायला हवीत. आठवडाभर त्या घरात सकाळी ऑम्लेट, दुपारी उकडलेली अंडी आणि रात्री पुन्हा ऑम्लेट असा कार्यक्रम चालला.  बायकोनं फक्त जेवायला बसताना नवऱ्याकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. ते पाहणं कानसेनांना पुरेसं झोंबलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण इंजिनिअर उत्साहाच्या भरात जिन्यात कुणाला तरी म्हणाले, की हे काही खरं नाही, मधली भिंतच काढायला हवी. तासाभरात कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष दारात हजर झाले. तुम्ही इमारतीचा खांब पाडताय अशी तक्रार आलीय, म्हणाले. कानसेनांनी त्यांना पुठ्ठ्याचे ट्रे दाखवले. अध्यक्षांनी दर्शनी भिंतीवर विनापरवाना बदल केल्याची नोंद घेतली. भिंत दर्शनी नसून घरातली आहे, हे सांगितल्यावर त्यांनी 'अंतर्गत दर्शनी' अशी दुरुस्ती केली. खुलासा लेखी हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांना नोटिसा देणाऱ्या माणसाच्या हातात नोटीस पडली. कानसेनांना ते दुःख कुणाला सांगताही येईना.

शेवटी इंजिनिअरांनी अखेरची चाचणी सुचवली. "खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा. आता डावा स्पीकर तुमच्या उजव्या हाताला आला. आता खोलीचा उतार असला तर आवाज उजवीकडून यायला हवा. बरोबर?"

बरोबर होतं. कानसेन पाठ करून बसले. गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"डावीकडूनच येतंय," ते पुटपुटले. "आवाज... माझ्याबरोबर फिरला."

 इंजिनिअर दोन पावलं मागे सरले. "मग इमारतच फिरतेय की काय!" ते म्हणाले, आणि पायाच्या बांधकामाबद्दल काहीतरी बोलू लागले. पण कानसेनांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते समोर उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होते आणि बायको त्यांच्याकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"कान? माझे कान?" कानसेनांचा आवाज चिरकला. "सबंध कॉलनीला विचार, माझे कान म्हणजे—"

"हो, हो. तेच दाखवू या."

उद्या शनिवार होता. परवा सादरीकरण.

कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानात बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली. उजव्या कानात मारली आणि म्हणाले, "अरेच्चा."

डॉक्टरनं 'अरेच्चा' म्हणू नये. बाकी काहीही म्हणावं.  ऐकणं संपलं, खुर्ची गेली, कॉलनीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. डॉक्टरांनी लांब चिमटा घातला, थोडं इकडे, थोडं तिकडे केलं, आणि काहीतरी काळं, मळानं माखलेलं ओढून बाहेर काढलं. धुतलं. ते एक रबराचं बोंडूक होतं. इयरफोनच्या टोकाला बसवतात ते.

"हे किती वर्षांपूर्वी गेलं आत?" डॉक्टरांनी विचारलं. "भोवती मळ साचत साचत पार बूच बसलं होतं. हळूहळू झालं म्हणून कळलं नाही तुम्हाला."

कानसेन त्या बोंडकाकडे भूत पाहिल्यासारखे बघत राहिले. कारण त्यांनी ते ओळखलं होतं. दहाएक वर्षांपूर्वी त्यांनी नवे इयरफोन घेतले होते. दुसऱ्या दिवशी पाहतात तर एक बोंडूक गायब! ते तडक दुकानात गेले होते. पाकिटात माल कमी भरला, असं म्हणत त्यांनी त्या दुकानदाराला रीतसर नोटीस दिली होती. बिचारा शपथा घेऊन सांगत होता, की साहेब, मी स्वतः चार मोजून दिलीत. आणि माल सबंध वेळ तपासणी अधिकाऱ्याच्या कानात होता.

या धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा बसला. ते दवाखान्याच्या बाहेर पडले आणि जग त्यांच्या अंगावर धावून आलं. उजवीकडून! मोटारी उजवीकडून जात होत्या. उजवीकडे एक माणूस केळं सोलत होता ते ऐकू येत होतं. त्यांच्या स्वतःच्या शर्टाची बाही खसखसत होती. एका सायकलची घंटी वाजली तेव्हा ते असे उडाले, की बायकोनं दंड धरला. ती तिथूनच आजारी बहिणीकडे जाणार होती. "नीट जाल ना घरी?" तिनं दोनदा विचारलं. त्यांनी मान डोलावली, आणि रस्त्याच्या अगदी कडेकडेनं घर गाठलं.

घरी जाऊन त्यांनी विटा काढल्या, गाद्या काढल्या, खुर्ची सरळ केली आणि 'मधली जागा' लावला. गायिकेनं पहिली ओळ म्हटली. आता ती शांतता येणार म्हणून ते श्वास रोखून बसले.

अकॉर्डियन सुरू झालं.

कानसेन खुर्चीतून पडायचेच राहिले. उजव्या स्पीकरमधून, चांगलं भरघोस, पोटभर अकॉर्डियन! बाईनं एक ओळ म्हणायची आणि मग त्या वादकानं मिनिट-मिनिटभर जीव तोडून वाजवायचं. ती अथांग शांतता, ते मौन, ज्यावर त्यांनी छापील अर्धं पान खर्ची घातलं होतं, त्यात एक इंचही जागा रिकामी नव्हती. त्यांनी बाकीचे नऊही लावून बघितले. एका 'संयमी' अल्बममध्ये उजवीकडे दोन ट्रम्पेटं होती. 'एकाकी व्हायोलिन' या शब्दांत त्यांनी जे गौरवलं होतं, ते चौघं मिळून वाजवत होते. कानसेनांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. हा अर्धाच ऐकलेला माल आपल्या सहीनं उद्या कॉलनीत वाटला जाणार! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याच्या दुकानाला टाळं ठोकलं असतं.

ते धावत सेक्रेटरींकडे गेले. "टिपण थांबवा! चूक झालीय!"

सेक्रेटरींनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "छापून झालं. नोंदवून झालं. आता त्यात फेरफार करायचा तर सभा बोलवायला हवी, आणि सभेला आधी नोटीस द्यायला हवी."

"अहो, पण त्यात लिहिलंय ते खरं नाही!"

"घटनेत खरं-खोट्याचं कलम नाही," सेक्रेटरी प्रेमानं म्हणाले. "तुम्ही जाऊन झोपा. मोठ्या माणसांना आदल्या दिवशी असं वाटतंच."

रविवारी हॉल भरला होता. बायको बहिणीकडून थेट तिथे आली आणि मागच्या रांगेत बसली. ती मंडळात पाऊल ठेवत नसे. आज नवऱ्याच्या काळजीनं आली होती. प्रत्येकाच्या मांडीवर 'डावीकडे झुकलेलं दशक' होतं. पुढे हातांची खुर्ची रिकामी. कानसेनांनी ठरवून टाकलं होतं, की बोलायचंच नाही. अल्बम लावायचा. अकॉर्डियन सगळ्यांच्या कानांवर आदळेल, लोक हसतील, आपण मान खाली घालू, आणि प्रकरण संपेल. बेअब्रू व्हायचीच आहे तर निदान लवकर तरी होऊ दे.

अल्बम सुरू झाला. सगळ्यांनी डोळे मिटले. गायिकेनं पहिली ओळ म्हटली, आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून ते अकॉर्डियन असं काही दणाणलं, की खिडकीच्या काचा थरथरल्या. कानसेनांनी मान खाली घातली आणि हशाची वाट पाहिली.

हशा आला नाही.

त्यांनी मान वर केली. सगळे डोळे मिटून बसले होते. इंजिनिअरांच्या चेहऱ्यावर असीम शांती होती. सेक्रेटरी डोळ्यांना रुमाल लावत होते. दातांचे डॉक्टर, प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी, हनुवटी छातीला टेकवून खोल कुठेतरी उतरले होते. अकॉर्डियन बोंबलत होतं, आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला कुजबुजल्या, "किती बोलकं मौन आहे, नाही?"

कानसेनांना दरदरून घाम फुटला.

"बंद करा!" ते ओरडले. "अहो, हे मौन नाही! अकॉर्डियन वाजतंय!"

मंडळाच्या इतिहासात ऐकताना कुणी ओरडलं नव्हतं. सगळ्यांनी दचकून डोळे उघडले. कानसेनांच्या आग्रहाखातर पहिला भाग पुन्हा लावला. ते बोट वर करून उभे राहिले. "आता! हे बघा, हे! ऐकू येतंय ना?"

लोकांनी माना तिरक्या केल्या, टिपणात बघितलं, पुन्हा माना तिरक्या केल्या.

"मला तर शांतता ऐकू येते," इंजिनिअर म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय तशी."

"अथांग," सेक्रेटरींनी दुजोरा दिला.

"अहो, मी लिहिलं तेव्हा माझा एक कान बंद होता! कालच उघडला! गेली दहा वर्षं मी एकाच कानानं ऐकत होतो!"

 इंजिनिअर भारावून म्हणाले, "आणि एका कानानं एवढं ऐकलंत!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कानसेन हात जोडून थांबा थांबा म्हणत होते, तरी तो थांबेना.

दातांचे डॉक्टर उठून त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी त्यांच्या खांद्यावर अगदी हळुवार हात ठेवला. दाढ काढण्याआधी ठेवतात तसा. "असं होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "नवी दाढ बसवली की पेशंटलाही काही दिवस तोंडात भलतंच काहीतरी लागतं. यांच्या कानांना आता विश्रांतीची गरज आहे. यांचं टिपण मात्र मंडळानं जपलं पाहिजे. वर्षभर आपण या शांततेचाच अभ्यास करू."

भराभर हात वर झाले. कानसेनांचं टिपण एकमतानं मंजूर झालं, दहाही अल्बम मंडळासाठी घ्यायचं ठरलं, आणि त्यांच्या प्रकृतीचा विचार करून मुख्य श्रोता म्हणून दातांच्या डॉक्टरांची निवड झाली. डॉक्टर हातांच्या खुर्चीत बसले, त्यांनी डोळे मिटले आणि अकॉर्डियनच्या ऐन भरात संथपणे मान डोलावली. सगळ्यांना अल्बम आवडला. मग चहा आला.

कानसेन चहा न घेताच बाहेर पडले. बायको मागोमाग आली. दोघं घराच्या रस्त्याला लागले. कानसेनांना राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. ते नुसते थक्क झाले होते. आज सबंध मंडळानं त्यांच्याच कानानं ऐकलं होतं, तेही चांगल्या नव्हे, बंद असलेल्या कानानं!

"एवढे लोक होते," ते शेवटी म्हणाले. "एकालाही ऐकू येऊ नये?"

"मला आलं की," बायको म्हणाली.

कानसेन थबकले. "अकॉर्डियन?"

"हो. छान वाजवतो हो तो. ती बाई काहीतरी म्हणते आणि हा लगेच तिला उत्तर देतो. कधी समजूत घालतो, कधी भांडतो. तिसऱ्या गाण्यात तर तो तिला चांगलंच सुनावतो. मला तिच्यापेक्षा तोच आवडतो."

"तिसऱ्या गाण्यात? आज तर पहिलंच लागलं होतं. तुला कधीपासून ठाऊक आहे हे?"

"तुम्ही पहिल्यांदा लावलंत, तेव्हापासून."

"अगं मग इतकी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस मला?"

"असं कसं?" बायकोला खरोखरच आश्चर्य वाटलं. "दर वेळी बोलायचे. तुम्ही डोळे मिटून बसायचात, मी शेजारी येऊन बसायचे आणि सांगायचे, हा बघा, आता हा उत्तर देतोय, आता हा रुसला. तुम्ही मान डोलवायचात. मला वाटायचं, चला, दोघांना मिळून एक तरी गोष्ट आवडते."

 रस्त्यात उभं राहून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना विचारायचं नव्हतं, तरीही त्यांनी विचारलं.

"कुठल्या बाजूला बसायचीस?"

बायकोनं जरा आठवून पाहिलं.

"उजव्या," ती म्हणाली.